बेरजेच्या उंबरठ्यावर अडलेला लॉगरिथम

१/
लॉगरिथमच्या इतिहासाची लोकप्रिय आवृत्ती दोन सालांत आटोपते. १६१४ मध्ये स्कॉटलंडच्या जॉन नेपियरने आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि गुणाकाराचे ओझे बेरजेच्या खांद्यावर आले. १९७२ मध्ये ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने ३९५ डॉलर किमतीचा, खिशात मावणारा एचपी-३५ कॅल्क्युलेटर बाजारात आणला आणि स्लाइड रूल व लॉग टेबल दोन्ही अडगळीत गेली. जन्म, मृत्यू आणि मध्ये साडेतीन शतकांचे कर्तृत्व. चरित्र म्हणून हे नेटके आहे. इतिहास म्हणून ते अपुरे आहे आणि काही अंशी दिशाभूल करणारेही.

२/
लॉग टेबल टेबलावरून उतरत होते, त्याच सुमारास काही अभियंते लॉगरिथम यंत्राच्या पोटात बसवण्याच्या खटपटीत होते. संख्या साध्या रूपात न साठवता तिचा लॉगरिथमच साठवावा आणि सारे अंकगणित त्याच रूपात करावे, अशी ही कल्पना. तिला लॉगरिथमिक संख्यापद्धती म्हणतात. ती कधी जिंकली नाही आणि कधी पुरती हरलीही नाही. प्रस्तुत धाग्याचे प्रतिपादन असे की, तिच्या या विचित्र नशिबाचा उलगडा गुणाकारात नसून बेरजेत आहे. आणि जो इतिहास बेरजेचा खर्च मोजत नाही, तो लॉगरिथमची अर्धीच कथा सांगतो.

३/
आरंभ सर्वपरिचित आहे, म्हणून थोडक्यात. सोळाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील खगोलशास्त्रज्ञांचे आयुष्य लांबलचक गुणाकार-भागाकारांत झिजत होते. नेपियरच्या सारण्यांनी ते काम बेरीज-वजाबाकीवर आणले. लंडनचा हेन्री ब्रिग्ज १६१५ मध्ये त्याला भेटण्यासाठी एडिंबरोला गेला, दहाच्या पायावरील लॉगरिथमची कल्पना त्या भेटीगाठींतून पक्की झाली आणि १६२४ मध्ये ब्रिग्जने चौदा दशांशस्थळांपर्यंतच्या सारण्या छापल्या. योस्ट ब्युर्गी हा मूळचा स्विस घड्याळजी स्वतंत्रपणे तेथेच पोचला होता. परंतु त्याच्या सारण्या प्रागमध्ये छापून निघाल्या १६२० साली, म्हणजे नेपियरनंतर सहा वर्षांनी. केप्लरच्या १६२७ च्या रुडॉल्फीय सारण्यांत लॉगरिथम वापरले गेले, तेव्हा या साधनाच्या उपयुक्ततेविषयी शंका उरली नव्हती.

४/
महाराष्ट्रात या साधनाची शेवटची पिढी अजून परीक्षेला बसते. राज्य मंडळाच्या बारावी विज्ञानाच्या भौतिकशास्त्र-रसायनशास्त्राच्या पेपरांत कॅल्क्युलेटरला मज्जाव आहे आणि लॉग टेबलला मुभा. त्या विद्यार्थ्यांना एक गोष्ट हाताला ठाऊक असते, जरी तिचे नाव ठाऊक नसले तरी. गुणाकार-भागाकाराची साखळी असेल, तर एकदा लॉग घ्यावा, बेरीज-वजाबाकी करावी आणि अँटिलॉग पाहून परत यावे. पण गणिताच्या मधोमध अधिकचे चिन्ह आले की सारा डाव मोडतो. दोन्ही पदांचे अँटिलॉग काढा, कागदावर साधी बेरीज करा, पुन्हा लॉग घ्या, पुन्हा पुढे चला. माणूस हे जाणे-येणे फारशी कुरकुर न करता करतो. यंत्राला मात्र प्रत्येक फेरीची किंमत वेळेत, जागेत आणि विजेत मोजावी लागते.

५/
ही फेरी टाळता येईल का, हा प्रश्न यंत्रांच्या आधीचा आहे. इटालियन गणिती झेक्किनी लिओनेल्ली याने एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी, बोर्दो येथे छापलेल्या पुस्तकात, त्याचे उत्तर सुचवले. कार्ल फ्रीडरिश गाउसने ते उचलले आणि १८१२ मध्ये पाच अंकी सारणी प्रसिद्ध केली.

युक्ती अशी. दोन संख्यांचे लॉगरिथम हाती आहेत; संख्या स्वतः हाती नाहीत. मोठ्या लॉगरिथममधून लहान लॉगरिथम वजा करा. जो फरक येईल, त्याच्यासमोर सारणीत एक छोटी दुरुस्ती दिलेली असते. ती मोठ्या लॉगरिथममध्ये मिळवा. बेरजेचा लॉगरिथम तयार.

दोनच्या पायावर उदाहरण घ्यावे. ८ चा लॉगरिथम ३, आणि २ चा लॉगरिथम १. फरक २. फरक २ साठी दुरुस्ती ०.३२१९. ती ३ मध्ये मिळवली की ३.३२१९, आणि हाच १० चा लॉगरिथम. कारण साधे आहे: ८ + २ म्हणजे ८ ची सव्वापट. ती 'सव्वा' दोन संख्यांच्या केवळ गुणोत्तरावर अवलंबून असते, आणि गुणोत्तर म्हणजेच लॉगरिथममधला फरक.

६/
गाउसने लिओनेल्लीचे ऋण मान्य केले होते; तरी सारणी 'गाउसीय लॉगरिथम' या नावानेच रूढ झाली. मोठ्या नावाच्या छायेत लहान नाव झाकले जाणे नवे नाही. खेदाची गोष्ट वेगळीच: विज्ञानेतिहासाच्या लोकप्रिय पुस्तकांत ही सारणी बहुधा येतच नाही. लॉगरिथम असलेले यंत्र बांधू पाहणाऱ्या प्रत्येकाला मात्र नेपियरइतकीच हिची गरज पडली.

७/
आता यंत्रांकडे. बर्लिनमध्ये कोनराड त्सूझे याने १९३८ साली पूर्ण केलेल्या झेड-१ या यांत्रिक संगणकात आणि १९४१ च्या झेड-३ मध्ये संख्या दोन तुकड्यांत साठवल्या जात: दोनचा कितवा घात, आणि त्या घाताला गुणणारा अपूर्णांकयुक्त भाग. आज याला आपण फ्लोटिंग पॉइंट म्हणतो. त्सूझे याला 'अर्धलॉगरिथमिक' रूप म्हणत असे, आणि ते नाव अधिक प्रामाणिक होते. घाताचा भाग हा लॉगरिथमचा पूर्णांकच. उरलेला भाग तेवढा साध्या रूपात ठेवलेला. बेरजेशी केलेली ही तडजोड होती. लॉगरिथमचा विस्तृत पल्ला घ्यायचा, पण बेरीज करता येईल इतके साधेपण हातचे राखायचे. आजच्या प्रत्येक मोबाइलमध्ये हीच तडजोड बसलेली आहे. तेव्हा १९७२ मध्ये लॉगरिथम मेला म्हणणाऱ्यांनी निदान अर्ध्या लॉगरिथमला जिवंत मानावे.

८/
१९६२ मध्ये जॉन मिचेलने दाखवले की द्विमान संख्येचा लॉगरिथम जवळजवळ फुकट मिळतो. संख्येतील सर्वांत डावीकडचा १ कोणत्या स्थानी आहे ते पाहा, तो पूर्णांक. त्याच्या उजवीकडचे बिट जसेच्या तसे उचला, तो अपूर्णांक. ना सारणी, ना आकडेमोड.

अर्थात फुकट वस्तूला खोट असते. या रीतीने ३ चा लॉगरिथम येतो १.५, खरा असतो सुमारे १.५८५. मग ३ × ३ करण्यासाठी १.५ + १.५ = ३, आणि ३ चा अँटिलॉग ८. तीन त्रिक आठ! पाढ्याच्या हिशेबाने हा छडी खाण्याजोगा गुन्हा आहे. पण याहून मोठी चूक ही रीत करतच नाही. ९ च्या जागी ८, म्हणजे ११.१ टक्के, ही तिची कमाल मर्यादा. छायाचित्राच्या एका ठिपक्याची छटा किंवा आवाजाची पातळी मोजताना एवढी चूक चालते का, हा अभियंत्याचा प्रश्न आहे, गणित्याचा नव्हे.

(क्वेक थ्री अरेना या १९९९ च्या खेळाच्या संगणक-आज्ञावलीतील वर्गमूळाच्या व्यस्ताची सुप्रसिद्ध क्लृप्ती याच निरीक्षणावर उभी आहे. फ्लोटिंग पॉइंट संख्येचे बिट पूर्णांक म्हणून वाचले की तिचा अदमासे लॉगरिथम हाती येतो; तो निम्मा करून उलटा केला की काम बव्हंशी झाले.)

९/
संख्या किती वेळा निम्मी करता येते, हे मोजण्याची मिचेलची पहिली पायरी वाचताना भारतीय वाचकाला एक जुना शब्द आठवावा: अर्धच्छेद. वीरसेनाचार्यांच्या नवव्या शतकातील 'धवला' टीकेत हा शब्द येतो. १६ चे अर्धच्छेद ४, ३२ चे ५. तिनाने आणि चाराने भागण्यासाठीही तेथे स्वतंत्र संज्ञा आहेत, आणि गुणाकाराचे अर्धच्छेद म्हणजे अर्धच्छेदांची बेरीज हा नियमही आहे. हा ग्रंथ मूडबिद्रीच्या ताडपत्रांतून छापील पानांवर आला तो हिरालाल जैन यांच्या संपादनामुळे. पहिला खंड १९३९ मध्ये अमरावतीहून निघाला. वऱ्हाडाने याचा अभिमान जरूर बाळगावा.

मात्र यावरून 'लॉगरिथमचा शोध नेपियरच्या आठशे वर्षे आधी लागला' असे जे संदेश अधूनमधून फिरतात, ते इतिहासाच्या कसोटीला उतरत नाहीत. धवलेतील अर्धच्छेद प्रचंड राशींची आणि अनंताच्या प्रकारांची तुलना करण्यासाठी आहेत. दोन अडनिड्या संख्यांचा गुणाकार वाचवण्यासाठी दशांश अपूर्णांकांसह रचलेली सारणी तेथे नाही, कारण ती गरजच त्या ग्रंथाची नव्हती. कल्पनेचे श्रेय पूर्ण द्यावे. साधनाचे श्रेय तिला चिकटवू नये. अनंतावर विचार करणाऱ्या आचार्यांना 'नेपियरच्या आधीचे नेपियर' म्हणणे हा त्यांचा गौरव नव्हे. ते त्यांना दुसऱ्याच्या फूटपट्टीने मोजणे आहे.

१०/
यंत्रांच्या कथेत परत. शांघायमध्ये जन्मलेल्या आणि हार्वर्डमध्ये शिकलेल्या अँ वाँग यांच्या कंपनीने १९६० च्या दशकाच्या मध्यात लोकी हा टेबलावरचा कॅल्क्युलेटर आणला. तो लॉगरिथम काढून, त्यांची बेरीज करून गुणाकार करी. म्हणजे ज्या इलेक्ट्रॉनिक कॅल्क्युलेटरने लॉगरिथमला मारले असे मानले जाते, त्याच्या पहिल्या पिढीतील एका यशस्वी यंत्राच्या पोटात लॉगरिथमच धडधडत होता! बेरीज मात्र तो साध्या रूपातच करी, बारावीच्या विद्यार्थ्यासारखाच.

११/
जाणे-येणे पूर्णपणे बंद करण्याचा आग्रह १९७० च्या दशकात धरला गेला. १९७१ मध्ये किंग्सबरी व रेनर यांनी ध्वनीसारख्या संकेतांच्या डिजिटल गाळणीसाठी लॉगरिथमिक अंकगणित मांडले. १९७५ मध्ये स्वार्ट्झलँडर व अलेक्सोपोलस यांनी चिन्ह आणि लॉगरिथम यांची जोडी हीच संख्या मानणारी पद्धती सविस्तर दिली. गुणाकार म्हणजे एक बेरीज. भागाकार म्हणजे एक वजाबाकी. वर्ग म्हणजे बिट एक घर डावीकडे सरकवणे, वर्गमूळ म्हणजे एक घर उजवीकडे. इतके सुटसुटीत अंकगणित दुसरे नाही.

आणि मग अधिकचे चिन्ह. गाउसची सारणी आता चिपच्या स्मृतीत कोरायची. फरक ८ बिटांचा असेल तर सारणीत २५६ नोंदी. १६ बिटांचा असेल तर ६५,५३६. ३२ बिटांचा असेल तर सुमारे ४२९ कोटी. म्हणजे अचूकता वाढवू पाहणाऱ्यापुढे सारणीचा डोंगर उभा राहतो. वजाबाकीची गत त्याहून वाईट. दोन संख्या एकमेकींच्या जवळ येऊ लागल्या की त्यांच्या वजाबाकीचा लॉगरिथम उणे अनंताकडे कोसळतो, आणि त्या कड्याजवळ कोणतीही सारणी पुरेशी दाट नसते. शून्याला तर लॉगरिथमच नाही. त्याच्यासाठी वेगळी खूण ठेवावी लागते.

१२/
या अडचणीला सर्वांत देखणे उत्तर मिळाले ते टोकियो विद्यापीठात, आणि ते खगोलशास्त्रासाठीच. नेपियरच्या ग्रंथाला तेव्हा पावणेचारशे वर्षे झाली होती.

दाइइचिरो सुगिमोतो यांच्या गटाला दीर्घिकांमधील ताऱ्यांची चाल संगणकावर उभी करायची होती. प्रत्येक तारा इतर प्रत्येक ताऱ्याला ओढतो. १०,००० तारे असतील तर काळाच्या एकेका पावलासाठी सुमारे पाच कोटी जोड्यांचे गुरुत्वाकर्षण काढावे लागते. प्रत्येक जोडीसाठी तीन वर्ग, त्यांची बेरीज, त्या बेरजेचा दीडावा घात आणि मग भागाकार. सर्वसाधारण संगणकाला हे काम सोसवत नव्हते. म्हणून त्यांनी एवढेच काम करणारे यंत्र बांधले: ग्रेप-१, साल १९८९.

या मालिकेची घडण पाहण्यासारखी आहे. ताऱ्यांची स्थाने साध्या पूर्णांक रूपात ठेवली. त्यामुळे दोन स्थानांची वजाबाकी, म्हणजे लॉगरिथमचा तो धोक्याचा कडा, साध्या अंकगणितातच पार पडली. त्यानंतरच संख्या लॉगरिथममध्ये गेल्या. तेथे वर्ग म्हणजे दुप्पट आणि दीडावा घात म्हणजे दीडपट. तीन वर्गांची बेरीज लॉगरिथममध्ये करावी लागली, पण वर्ग नेहमी धनच असतात. तेव्हा गाउसच्या सारणीचा सोपा भाग पुरला. शेवटी पाच कोटी ओढींची बेरीज करताना संख्या पुन्हा साध्या रूपात आल्या, तेही रुंद रकान्यांत, हातचा एकही न सांडता.

ग्रेप-३ मध्ये एका जोडीच्या बलात सुमारे २ टक्के चूक राही. ग्रेप-५ मध्ये ती सुमारे ०.३ टक्क्यावर आली. दोन टक्के चूक घेऊन विश्व कसे उभे राहील, ही शंका रास्त आहे. पण दीर्घिकेतील ताऱ्यावर एकाची नव्हे, हजारोंची ओढ असते. इकडच्या-तिकडच्या लहान चुका परस्परांना बऱ्याच अंशी खोडतात. दाट तारकागुच्छात मात्र दोन तारे अगदी जवळून जातात आणि तेथे ही सवलत नाही. म्हणून या मालिकेतील विषम क्रमांकांची यंत्रे कमी अचूकतेची, दीर्घिकांसाठी. आणि सम क्रमांकांची यंत्रे अधिक अचूक, तारकागुच्छांसाठी. ग्रेप-५ वरील कामाला १९९९ मध्ये किमतीच्या मानाने कामगिरीसाठीचे गॉर्डन बेल पारितोषिक मिळाले. कोणत्या पायरीला किती अचूकता लागते याचा इतका स्वच्छ विचार संगणनाच्या इतिहासात क्वचितच दिसतो. आणि तरी लॉगरिथमची कथा सांगणारे टोकियोपर्यंत येतच नाहीत.

१३/
दुसरा प्रयत्न अधिक महत्त्वाकांक्षी होता. न्यूकॅसल विद्यापीठातील कोलमन आणि त्यांचे सहकारी यांनी प्रागमधील संशोधकांसह 'युरोपीय लॉगरिथमिक मायक्रोप्रोसेसर' घडवला. त्याच्या अंकगणिताचा मुख्य लेख २००० सालचा. ब्युर्गीच्या प्रागमध्ये लॉगरिथम ३८० वर्षांनी परतला, असे म्हणण्याचा मोह आवरत नाही, जरी तो योगायोगच आहे. ४२९ कोटी नोंदींच्या जागी विरळ सारणी ठेवून मधल्या किमती हिशेबाने भरणे, आणि वजाबाकीच्या कड्यापासून संख्या आधीच दूर सरकवणे, अशा युक्त्यांनी त्यांनी ३२ बिटांची बेरीज फ्लोटिंग पॉइंटच्या तोडीला आणून दाखवली. गुणाकार तर आधीच वेगवान होता. तरीही जगाने वाट बदलली नाही.

१४/
येथे तंत्राबाहेरचे कारण पाहावे लागते. १९८५ मध्ये फ्लोटिंग पॉइंटचे आंतरराष्ट्रीय मानक ठरले. त्यात विल्यम कहान यांचा वाटा मोठा. कोणत्याही कंपनीच्या यंत्रावर तीच बेरीज त्याच पद्धतीने पूर्णांकित होऊन तेच उत्तर देईल, ही हमी प्रथमच मिळाली. त्या हमीवर आज्ञावल्या रचल्या गेल्या, पाठ्यपुस्तके लिहिली गेली, बँका आणि विमाने विसंबली. रूढ झालेले मानक हे चांगल्या रस्त्यासारखे असते. शेजारून थोडी जवळची पायवाट निघाली म्हणून मालवाहतूक तिकडे वळत नाही. फ्लोटिंग पॉइंटचा विजय हा केवळ गुणवत्तेचा विजय मानणे जितके भोळेपणाचे, तितकेच लॉगरिथमवर अन्याय झाला म्हणून गळा काढणेही. सर्वसाधारण कामात बेरजा आणि गुणाकार जवळजवळ सारख्याच संख्येने येतात. अशा कामात अर्धलॉगरिथमिक तडजोड खरोखरच शहाणपणाची होती.

१५/
तडजोडीची अट बदलते तेव्हा काय होते, हे गेल्या दशकात दिसू लागले. कृत्रिम प्रज्ञेची न्यूरल नेटवर्क म्हणजे गुणाकार आणि बेरजांच्या अखंड रांगा. आणि तेथे आठ-दहा अंकी अचूकता कोणी मागत नाही. स्टॅनफर्डचे मार्क होरोविट्झ यांनी २०१४ मध्ये मांडलेले ४५ नॅनोमीटर चिपवरील विजेचे अंदाज या क्षेत्रात सर्वतोमुखी झाले: ८ बिटांची बेरीज ०.०३ पिकोज्यूल, ८ बिटांचा गुणाकार ०.२. ३२ बिटांच्या फ्लोटिंग पॉइंटमध्ये बेरीज ०.९, गुणाकार ३.७. गुणाकार टाळण्यात लाभ आहे, हे उघड आहे.

पण त्याच आकड्यांत एक इशाराही आहे, आणि उत्साही मंडळी तो सहसा गाळतात. ८ किलोबाइटच्या छोट्या स्मृतीतून एकदा वाचायला सुमारे १० पिकोज्यूल लागतात. म्हणजे गुणाकार वाचवण्यासाठी बेरजेची सारणी तेवढ्या मोठ्या स्मृतीत ठेवली, तर वाचवले त्याच्या कितीतरी पट खर्च झाले. गाउसच्या काळी सारणी पाहणे हे आकडेमोडीपेक्षा स्वस्त होते. आजच्या चिपमध्ये बहुधा उलटे आहे.

१६/
म्हणून आजच्या रचना शुद्ध लॉगरिथमिक नाहीत. २०१६ मध्ये स्टॅनफर्डच्या मियाशिता, ली व मर्मान यांनी न्यूरल नेटवर्कच्या संख्या मोजक्या बिटांच्या लॉगरिथममध्ये ठेवून दाखवल्या. २०१८ मध्ये फेसबुकच्या जेफ जॉन्सन यांनी मांडलेल्या रचनेत गुणाकार लॉगरिथममध्ये होतो, त्याचे उत्तर लहानशा सारणीतून साध्या रूपात येते आणि बेरीज रुंद पूर्णांक-रकान्यात साठत जाते. ग्रेपची आठवण येथे अटळ आहे. क्रम तोच, कारणही तेच: अधिकच्या चिन्हापाशी लॉगरिथममधून बाहेर पडायचे. आणि बारावीच्या परीक्षेत, गणिताच्या मधोमध दोन पदांची बेरीज आली म्हणून अँटिलॉगचे पान उलटणारा विद्यार्थीही हेच करीत असतो.